बापाला न उचलण्याचे दिवस

आयुष्यात मी एकाच परीक्षेत नापास झाले, आणि तीही ताकद जास्त पडल्यामुळे. दहावीचं गणित काठावर सुटलं, बारावीचं इंग्रजी देवाच्या कृपेने सुटलं, जपानी भाषेची परीक्षा तर पहिल्याच फटक्यात निघाली. अडकले ती माणूस उचलण्याच्या परीक्षेत. आमच्या पाड्यावर हे अजून कुणाला पटत नाही. मोखाड्याच्या डोंगरातली पोरगी, लहानपणापासून कधी डोक्यावर हंडे तर कधी लाकडाची मोळी वाहिलेली, ती माणूस उचलण्यात नापास कशी होईल, असं सगळ्यांचं म्हणणं. माझंही तेच म्हणणं होतं.

क्लास नाशिकला होता. जपानमध्ये म्हातारी माणसं फार आणि त्यांच्याकडे बघायला तरुण हात कमी, म्हणून तिकडचे वृद्धाश्रम आपल्याकडच्या मुलामुलींना कामाला घेतात. त्याआधी भाषा शिकायची, काम शिकायचं, त्यांच्यात राहायचं कसं तेही शिकायचं. मी पूर्वी नाशिकच्याच एका दवाखान्यात पेशंटची मदतनीस होते, त्यामुळे काम तर मला येतंच, उरली फक्त भाषा, अशी माझी समजूत.

भाषेचे तास सोमवार ते शुक्रवार मोबाइलवर असत आणि प्रात्यक्षिक शनिवार-रविवारी नाशिकला. आमच्या घरात रेंज नाही. शाळेच्या मागे टेकाड आहे, त्यावरच्या कातळावर उभं राहिलं तर दोन दांड्या येतात, बसलं तर एक. म्हणून मी रोज सकाळी दोन तास उभ्याने जपानी शिकले. तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी कमरेत वाकून नमस्कार करायचा असतो. समोर चिटपाखरू नसताना मी कातळावर वाकतेय, काहीतरी पुटपुटतेय, पुन्हा वाकतेय, हे खालून गुरं घेऊन जाणाऱ्या एका आजोबांनी पाहिलं आणि माझ्या वहिनीला विचारलं, पोरीला भगताकडं दाखवलास का नाय? वहिनीने सांगितलं, ती जपानची तयारी करतेय. आजोबा म्हणाले, म्हंजे भगताच्या हातातलं राहिलं नाय.

परीक्षेच्या दिवशी जपानहून एक बाई आल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात वही. आम्हाला एकेकीला बोलावून प्रसंग देत होत्या. माझा प्रसंग असा की आजीबाईंची डावी बाजू कमजोर आहे, त्यांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं. आजीबाई म्हणून वर्गातली सगळ्यात दणकट मैत्रीण निजली होती. मी गेले, एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि एका दमात तिला उचलून खुर्चीत ठेवली. पायही आपटू दिला नाही. मग मागे वळून पाहिलं, टाळ्या पडतील या हिशोबाने.

जपानी बाईंनी वही मिटली. मग त्यांनी क्लासच्या मॅडमना काहीतरी हळू आवाजात विचारलं. मॅडम नाशिकच्याच, पण बरीच वर्षं जपानमध्ये राहून आलेल्या. त्यांनी मला मराठीत सांगितलं, "त्या विचारतात, तू आजींना विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"त्यांना उठायचं आहे का, ते."

"पडून राहून कुणाचं भलं झालंय?" मी म्हटलं. मॅडमनी याचं भाषांतर केलं नाही.

मी नापास. दीड महिन्यानंतर पुन्हा परीक्षा. मला इतका राग आला होता की मी जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहिले. आमच्याकडे माणूस उचलायचा म्हणजे काय असतं, हे त्या बाईंना काय माहीत? आमच्या पाड्यापर्यंत रस्ता अजून पोचलेला नाही. कुणी आजारी पडलं की घोंगडीची झोळी करायची, ती बांबूला बांधायची, आणि त्या डोलीतून माणूस दोन ओढे ओलांडून सडकेवर आणायचा. चार खांदे मिळाले तर चार, नाहीतर दोन. माझ्या आईला असंच नेलं होतं, मी नववीत असताना. ती परत आली तीही डोलीतूनच, तोंडावर पांघरूण ओढलेली. त्या वाटेवर कुणी थांबून विचारत नाही, बाई, उचलू का तुला? विचारायला वेळ असता तर काय पाहिजे होतं!

मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू तिला उचललंस तेव्हा तिचा चांगला पाय काय करत होता?"

"कुठला?"

"उजवा. डावी बाजू कमजोर होती ना. उजवा पाय काय करत होता?"

"लोंबकळत होता."

"आणि रोज लोंबकळत राहिला तर?"

त्यांचं वाक्य संपायच्या आत मला माझ्या बापाचा उजवा पाय दिसला.

बा म्हणजे माझा बाप, त्याच्याबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी भाताच्या आवणीत, गुडघाभर चिखलात रोपं लावत असताना त्याला लकवा मारला. डावी बाजू गेली. लोकांनी त्याला डोलीतून सडकेवर आणला, तिथून जीपने जव्हारला. मी नाशिकचं काम सोडून आले. बा वाचला, तोंडही बऱ्यापैकी सरळ झालं, बोलणं आलं. डॉक्टरांनी सोडताना व्यायाम सांगितला होता. आम्ही आराम ऐकला. घरी आणून त्याला खाटेवर ठेवला आणि मी त्याची सेवा सुरू केली. भाऊ भिवंडीला गोदामात कामाला, सणावाराला येणार. वहिनी शेत, गुरं, चूल सगळं बघते, पण तिची कंबर बाळंतपणापासून धरलेली, तिला जड उचलवत नाही. तेव्हा बाला उचलायचं काम माझं. सकाळी खाटेवरून ओट्यावर, मग मागच्या दारी, मग परत ओट्यावर, संध्याकाळी आत. पाड्यावर माझं नाव झालं होतं. पोरगी असावी तर अशी, बापाचा पाय जमिनीला लागू देत नाही, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं, हे कबूल करते.

आणि त्याचा चांगला, धडधाकट उजवा पाय, ज्याने तो आयुष्यभर डोंगर चढला, तो वर्षभर माझ्या हातावरून लोंबकळत होता. काडीसारखा झाला होता. तो लकव्याने झाला नव्हता, मी केला होता.

त्या रविवारी परतीच्या गाडीत, त्र्यंबक सुटल्यापासून मोखाडा येईपर्यंत, मी एकच गोष्ट ठरवत होते. तोवर माझा विचार असा होता की मी गेल्यावर बाला उचलायला पाड्यावरचे काका येतील. शनिवार-रविवारी मी नसले की ते येतच होते. पण दिवाळी झाली की तेही बायकापोरांना घेऊन वीटभट्टीवर जाणार. निम्मा पाडा जातो. त्याला आमच्यात जगायला जाणं म्हणतात. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि कोंबड्या. मग बाला कोण उचलणार? म्हणून मी ठरवलं, बा आपल्या पायाने खाटेवरून उठून मागच्या दारापर्यंत गेला, तर मी जपानला जाणार. नाही गेला, तर नाही जाणार. घरी पोचल्यावर वहिनीला एवढंच सांगितलं. बाला नाही सांगितलं. त्याला सांगून त्याच्यावर ओझं कशाला टाकायचं, असं मला वाटलं. खरं म्हणजे सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेशेजारी बसले आणि मॅडमनी शिकवलं तसं सुरू केलं. जपानी पद्धतीत माणसाला हात लावायच्या आधी प्रत्येक गोष्ट बोलायची असते. आता मी पांघरूण काढते. आता तुमचा हात धरते. आणि उठायचं ते त्याने, आपण नुसतं सोबत राहायचं.

"बा, सकाळ झाली. आता आपण उठू. आधी दोन्ही पाय मागं घे. मग फुडं वाक. नाक पायाच्या बोटांवर आलं पायजे, मंग आपोआप उठशील."

बा माझ्याकडे बघत राहिला. "तुना झाला काय?"

"काय नाय. पाय मागं घे."

"बोलत बसू नको. उचल मना."

"नाय उचलणार."

बाने अंग सोडून दिलं. पोतं टाकावं तसा तो खाटेवर पडून राहिला. मी पंधरा मिनिटं विनवलं, मग उचलला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी मी ठरवलं की आज कितीही वेळ लागो, हात लावायचा नाही. त्याला कधीतरी मागच्या दारी जावं लागणारच होतं. दहाच्या सुमारास त्याने पाय मागे घेतले, पुढे वाकला, अर्धा उठला, आणि गुडघा वाकून खाली सारवलेल्या जमिनीवर बसला. लागलं नाही. पण आवाज झाला, आणि नेमकी माझी चुलती ताक मागायला दारात उभी.

मी त्याला उचलायला हात पुढे केले आणि मागे घेतले. शिकवलं होतं की पडल्यावर आधी विचारायचं, कुठे लागलं, मग खुर्ची जवळ आणायची, त्याला तिचा आधार घेऊन उठू द्यायचं. मी खुर्ची आणायला वळले. चुलतीला दिसलं ते एवढंच की बाप जमिनीवर पडलाय आणि पोरगी पाठ फिरवून चाललीय.

"बापाला मातीत पाडतंस," ती ओरडली, "नि तिकडल्या डोकऱ्यांना उचलाय चाललीस व्हय?"

तिने आणि वहिनीने मिळून बाला खाटेवर बसवला. संध्याकाळपर्यंत हे वाक्य सगळ्या पाड्यात फिरलं. पाण्यावर गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. मला तोंड बंद ठेवता येत नाही, पण त्या दिवशी हंडा भरला आणि निघाले, कारण चुलतीच्या वाक्यात चूक काही नव्हती. मी घरी येऊन चुलीपुढे बसून रडले आणि पुढचे आठ दिवस बाला पूर्वीसारखा मुकाट उचलला. लोकही निवळले.

मग पुन्हा सुरू केलं, थोडं हुशारीने. रोज सकाळी दहा मिनिटं मी फक्त बोलायचं. पाय मागं, नाक फुडं. बाने ऐकायचं किंवा नाही ऐकायचं. दहा मिनिटं झाली की मी त्याला उचलून ओट्यावर ठेवायची आणि टेकाडावर क्लासला जायची. बाने ऐकलं नाही ते नाहीच. अंग सोडून पडायचा आणि आढ्याकडे बघायचा. वर मला म्हणायचा, "झाली तुझी पोपटपंची? उचल आता."

दरम्यान मी दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि पास झाले. त्याच दणकट मैत्रिणीला मी आजी, आजी करून इतकं विचारलं की ती मध्येच कुजबुजली, बाई, उठव आता, मला क्लासनंतर बस पकडायचीय. जपानी बाई या वेळी पडद्यावर होत्या. त्यांनी मान डोलावली.

मग मुलाखत. समुद्राकाठच्या एका छोट्या गावातला वृद्धाश्रम, तिथले व्यवस्थापक आणि त्यांच्या शेजारी एक परिचारिका, दोघे मोबाइलच्या पडद्यावर, मी कातळावर. माझी भाषा बरी चालली. जव्हार-मोखाडा कुठे आहे, विचारलं. डोंगरात, म्हटलं, भात आणि नागली पिकते, पाऊस दांडगा पडतो. आमचा भाग बाहेरच्यांना दोनच गोष्टींनी माहीत असतो, पर्यटकाला दाभोशाचा धबधबा आणि बाकीच्यांना कुपोषण. निदान या दोघांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे मला आमच्या गावाबद्दल सरळ बोलता आलं. त्यांनाही बरं वाटलं असावं. तेही म्हणाले, आमच्याकडेही भात, आमच्याकडेही तरुण माणसं गाव सोडून गेलीत.

मग त्या परिचारिकेने विचारलं, तुमच्या घरी वडीलधारं कोण आहे?

वडील आहेत, आजारी असतात, मी म्हटलं.

तुम्ही इकडे आलात तर त्यांना कोण उठवेल?

याची तयारी मी केलेली नव्हती. मी पुस्तकातलं वाक्य फेकलं. "वडील स्वतः उठतात." व्याकरण अगदी बिनचूक होतं. ती हसली, मान लववली, आणि माझी निवड झाली. मी कातळावरून खाली उतरताना मला स्वतःची लाज वाटत होती आणि आनंदाने पायही जमिनीवर ठरत नव्हते. दोन्ही एकदम होतं.

पुढे कागदांचा खेळ. शाळेच्या दाखल्यावर माझं आडनाव एका तऱ्हेने लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. ते सरळ करायला मोखाड्याला किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले तेव्हा त्यांना सडकेपासून चालत यावं लागलं. ओट्यावर बसून त्यांनी दोन तांबे पाणी पिऊन विचारलं, जपानला जायचंय, पण आधी या पाड्यातून बाहेर कशी पडतेस तू? मॅडमनी सोबत न्यायच्या वस्तूंची यादी पाठवली. यादीत, तिकडच्या लोकांना भेट म्हणून स्वतः काढलेलं वारली चित्र, असंही होतं. मी वारली नाही आणि मला सरळ रेघही ओढता येत नाही, असं कळवलं. मग त्यांनी लिहिलं, नागलीचे पापड चालतील.

भावाला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "मी भिवंडीला जगाय येतो, तू जपानला जगाय चाललीस. गाडी तेवढी निराळी." त्याला यात मोठं काही वाटलंच नाही, आणि त्यामुळे मला फार धीर आला. पण बाचं काय, हे त्यानेही विचारलं. मी म्हटलं, बघतेय.

बघण्यासारखं काही नव्हतं. व्हिसा झाला. मॅडमचा निरोप आला की तिकीट काढायचंय, सोमवारपर्यंत नक्की हो किंवा नाही कळव, एकदा तिकीट काढलं की माघार नको. तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी मी दहा मिनिटं बोलले, बा आढ्याकडे बघत राहिला. शुक्रवारीही तेच. मी त्याला उचलून ओट्यावर ठेवला आणि वहिनीला म्हटलं, सोमवारी मी नाही म्हणून कळवणार. वहिनीने माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग कोयता घेऊन शेतावर गेली.

त्या दिवशी टेकाडावर क्लास नव्हता. मला एका दाखल्यावर सही घ्यायला मोखाड्याला तहसीलमध्ये जायचं होतं. जायचं नाही असं ठरत असताना कागद कशाला पुरा करायचा, हा प्रश्न मला पडला होता, तरी गेले. सवय. जीप भरेपर्यंत तासभर थांबले, पोचले, तर साहेब बैठकीला जव्हारला गेलेले, सोमवारी या. येताना ओळखीच्या एका शिक्षकांची मोटारसायकल मिळाली, त्यांनी सडकेवर सोडलं. एरवी संध्याकाळ होते, त्या दिवशी मी भर दुपारी पाड्यावर होते.

घरामागून आले. आमची वाट बकरीच्या गोठ्याकडून आहे. तिथे बा उभा होता.

उजव्या हाताने त्याने कुडाचा खांब धरला होता, डावा हात पोटाशी. गोठ्याच्या वर शेवग्याची फांदी आली आहे, ती वाकवून तो बकरीला पाला देत होता. पाला संपल्यावर त्याने खांब सोडला, भिंतीला हात टेकला, एक पाऊल टाकलं, डावा पाय ओढून घेतला, पुन्हा एक पाऊल टाकलं. तोंडाने हळूहळू काहीतरी म्हणत होता. मी कान दिला. "पाय मागं," तो म्हणत होता, "नाक फुडं," आणि तसा वाकून पायरीवर बसला आणि तसाच वाकून पुन्हा उठला. मीच शिकवलं होतं सगळं. चुकत कुठेच नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. हातातली कागदांची पिशवी मी खाली टाकली. बकरी दचकली. बाने वळून बघितलं आणि तसाच भिंतीला धरून राहिला.

"कवापासून?" मी विचारलं.

बोलली वहिनी. ती शेतावरून परत आली होती, लाकडं टाकून कोपऱ्यावर उभी होती. "दोन महिने झाले," ती म्हणाली. "तू टेकाडावर गेलीस का उठतात. मना बोलले, तिला सांगू नको." आणि ती घरात निघून गेली. ती शहाणी बाई आहे.

दोन महिने! मी ओरडले. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल. दोन महिने मी तुला उचलून नेतेय, दोन महिने माझी कंबर मोडतेय, चुलतीचे टोमणे खातेय, मुलाखतीत खोटं बोलले म्हणून मनातल्या मनात मरतेय, सोमवारी मी सगळं सोडून देणार होते, आणि तू इथे बकरीला पाला घालतोयस? मी आणखीही बोलले. सगळं लिहिण्यासारखं नाही.

बा सगळं ऐकून घेत होता. मग सावकाश पायरीवर बसला, नाक पुढे, कंबर मागे, आणि म्हणाला, "उभा रायलो तं तू गेली असतीस."

मी वाकून पिशवी उचलली.

"तुझ्या वैनीनं सांगलं व्हतं मना," तो म्हणाला. "का मी उठलो तं तू जानार. मंग मी कशाला उठू?"

"मग उठलास कशाला? चोरून तरी कशाला उठलास?"

बाने यावर विचार केला. "पाय माझा हाय," तो म्हणाला. "उठवत व्हता, म्हनून उठलो."

मग तो बकरीकडे बघत बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. "तू सगल्यांना इचारलंस. तहसीलला इचारलंस, नाशिकच्या बाईला इचारलंस, भावाला फोन केलास. पोलीस आला, त्यालाबी सांगलंस. मना कवा इचारलंस? उचलायची तवाबी नाय, जायच्या वक्तालाबी नाय. मी काय पोता हाय?"

आठ महिने मी शिकत होते की माणसाला हात लावण्याआधी विचारायचं. वर्गात मैत्रिणीला विचारत होते, कापडाच्या बाहुल्याला विचारत होते, कातळावर उभी राहून हवेला विचारत होते, आजी, तुम्हाला उठायचं आहे का? आजोबा, तुम्हाला खिडकीपाशी बसायचं आहे का? आणि घरात रोज सकाळी मी बाला सांगत होते. पाय मागं घे. फुडं वाक. ती सगळी हुकमाचीच वाक्यं होती. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा जपानी बाईंनी बोट ठेवलं होतं त्याच चुकीवर मी अजून होते, पास होऊनसुद्धा. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. उरली ती नुसती शरम.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले, माझी नजर त्याच्या नजरेपेक्षा थोडी खाली येईल अशी. हात माझ्या मांडीवर ठेवले. आम्हाला शिकवलं होतं, प्रश्न एकच विचारायचा, छोटा विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं, कितीही वेळ लागो.

"बा," मी म्हटलं, "मी जपानला जाऊ?"

त्याने घाई केली नाही. बकरीने उरलेला पाला खाल्ला. कुठेतरी कुणीतरी लाकूड फोडत होतं, ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. माझ्या पायांना मुंग्या आल्या. मी गप्प राहिले. मी आयुष्यात एवढा वेळ कधी गप्प राहिलेली नाही.

"नाय म्हनलो तं?" बा म्हणाला.

मी खोटं बोलू शकले असते. एकदा बोलून झालं होतं, आणि त्याला बरं वाटलं असतं. पण तो माझ्याकडे सरळ बघत होता.

"तरी जाईन," मी म्हटलं. "पण विचारून जाईन."

बाच्या तोंडाची उजवी बाजू आधी हसली. डावी तिच्यामागून आली, जमेल तेवढी. "मंग जा," तो म्हणाला.

आणि मी तिथेच, भर दुपारी, गोठ्याच्या पुढ्यात, पोर रडावी तशी मोठ्याने रडायला लागले. रडता रडता मला दिसत होतं, बाने पाय मागे घेतले, पुढे वाकला, भिंतीला हात टेकून उभा राहिला. मला वाटलं, आत जाईल. तो गेला नाही. त्याने मला हात दिला नाही, ऊठ म्हणाला नाही, गप्प हो म्हणाला नाही. माझी मी उठेपर्यंत तो तिथे उभा होता.